कधीकधी

फॉर्म घेऊन आलेली पोरगी बाविसेक वर्षांची,
गळ्यात ओळखपत्र, पेनाला टोपण नाही.
"मावशी, मागच्या पंधरा दिवसांत उदास वाटलं का?
कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, रोज.
एक सांगा."

मी तिच्या कुर्त्याचा उजवा मुंढा बघत होते.
झोळ पडलेला. कुण्या टेलरनं घाई केलीय.

म्हणलं, कधीकधी.

सेलूच्या बाजारगल्लीत बत्तीस वर्षं
मी बायकांची मापं घेतली.
छाती, कंबर, बाही, गळा पुढचा, गळा मागचा.
वहीत आहेत अजून:
अनुसयाबाई छत्तीस, दिवाळीनंतर चौतीस,
नजमाभाभी बेचाळीस, "जरा ढिला ठेव गं प्रयाग."
कुणी काही सांगायची गरज नव्हती.
कोण पोटुशी, कोण उपाशी,
कुणाच्या घरात पुन्हा बाटली आली,
टेप आधी सांगायची.

माझ्याच अंगाचं तेवढं
टेपनं काही सांगितलं नाही.

आता डावीकडं सपाट.
डॉक्टरांची शिलाई आरशात नीट पाहिली मी,
रेषेत नाही,
पण पक्की आहे.

भेटायला येणारे म्हणतात, हिंमत ठेवा.
कुठं ठेवू?
फडताळात त्यांनीच आणलेले बिस्कुटाचे पुडे आहेत,
फ्रिजमधी नारळपाणी, डाळिंबं,
देवघरात चार गावचे अंगारे.
जाऊबाई म्हणते, तिच्या माहेरची एक जण
ठणठणीत झाली, आता लग्नात फुगडी खेळते.
मी मान हलवते.
न पाहिलेल्या त्या बाईचा
मला इतका राग येतो
की घास उतरत नाही.
हे कोणत्या चौकोनात बसतं, पोरी?

भ्यावं वाटायचं आधी.
तिसऱ्या सलाईननंतर भीतीसुद्धा गेली.
आता आहे ते निराळंच.
बॉबिनमधला दोरा कधी संपला कळत नाही,
मशीन चालूच,
पाय चालू, कापड पुढं सरकतंय,
सुई खालीवर होतेय नेमानं,
आणि वितभर शिवून झाल्यावर उलटून बघावं
तर एकही टाका नाही.

घरी हे रात्री भिंतीकडं तोंड करून रडतात.
मी झोपेचं सोंग घेते.
सकाळी चहा पिताना दोघंही म्हणतो,
चांगली लागली झोप.

"पूर्वी आवडायच्या त्या कामात
अजून मन लागतं का?"

मशीनवर चादर टाकलीय मी आषाढापासून.
वर आता औषधाच्या पिशव्या असतात.

पण मंगळवारी शेजारच्या खाटेवरची,
जिंतूरकडची, वेणू नावाची, माझ्याहून बारकी,
हळूच म्हणाली,
"ओ बाई, आपुन आता झंपर कसा घालावा?"
टेप नव्हती.
पट्टीच्या गुंडाळीतून हातभर तोडली,
तिच्या पाठीकडून पुढं घेतली,
गाठ मारून खूण केली.
उजवी बाजू लिहिली औषधाच्या चिठ्ठीमागं.
डाव्या बाजूला पेन थांबलं.
शून्य लिहिणार होते,
नाही लिहिलं. रिकामी सोडली जागा.
"यात कापूस भरू का राळा?" मी विचारलं,
"कापूस हलका, पण वर सरकतो.
राळ्याला वजन असतं."
ती म्हणाली, "वजन पायजे बाई,
चालताना मी एकीकडंच कलायलेय."
आम्ही दोघी हसलो.
मग ती रडली. मी नाही.
मला रडू येत नाही,
तेच तर सांगायलेय.

पोरगी उठली, कागद गोळा केले.
पॅसेंजर सुटायला अजून दीड तास.
परतूर येईस्तोवर अंधार पडेल,
सेलूला हे सायकल घेऊन उभे असतील
आणि विचारतील, काय म्हणाले,
आणि मी म्हणेन, बरं आहे म्हणाले.

"थांब," म्हणलं,
"मुंढा अर्धा इंच आत घे, झोळ जाईल."
ती खांद्याकडं बघून लाजली.
"आणि ते पहिलं उत्तर खोड."
"काय लिहू, मावशी?"

खाली वाकून मीच बोट ठेवलं
तिसऱ्या चौकोनावर.
शाई ओली होती.
बोटाला लागली.